चूल, वैल आणि धुराडं

आज बोलायचंय ते चुलीबद्दल. ऐकल्याबरोबर कुणी म्हणेल, घरोघरी गॅस आला, आता चुलीचं काय घेऊन बसलात? पण आम्ही गटांच्या बैठकांना गावोगाव फिरतो, तेव्हा दिसतं ते असं : ओट्यावर शेगडी आणि मागच्या पडवीत चूल. चहा, पोहे, पोरांच्या डब्याची भाजी गॅसवर. आंघोळीचं पाणी, भाकरी, म्हशीचं आंबोण चुलीवर. सिलिंडर संपला आणि हातात पैसे नसले की सगळंच चुलीवर. चूल काही जात नाही. मग तिचा धूर तरी घरातून जावा म्हणून आजवर कुणी काय खटपट केली, आणि त्यातलं बायकांच्या हाती काय लागलं, हे आज बघूया.

चूल किती जुनी? आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं तिथं १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं उकरणी केली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं सापडली, आणि घरांत चुली. म्हणजे राजे आले, गेले, चूल होती तिथंच राहिली. तीन दगडांची चूल ही पहिली पायरी. दुसरी पायरी आपल्या ओळखीची : मातीची चूल आणि तिला जोडून वैल. चुलीच्या अंगातून एक बोळ काढायचा, जाळाची आच त्यातून वैलावर जाते, पुढं भाकरी होते आणि मागं आमटी रटरटत राहते. एका जाळात दोन भांडी. ही युक्ती कुणा इंजिनियरनं काढलेली नाही. पांढरी माती, शेण, भुसा कालवून हातानं चूल घालणाऱ्या बायकांची ती अक्कल आहे. पुढं सरकारनं ‘सुधारित चूल’ म्हणून जी आणली, तिच्यातली दोन भोकं म्हणजे आपला वैलच होता, हे लक्षात ठेवा.

धुराचंही तसंच. ‘धुराडं’ हा शब्द आपल्या भाषेत आधीपासून आहे, चिमणी नंतर आली. (आणि चिमणी म्हणजे आपल्याकडे पाखरूही, रॉकेलचा दिवाही आणि धुराचा नळही! यातलं पाखरू पुढं परत येणार आहे.) माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी भागात जुनी घरं माळवदाची. माळवदाला साणं असायचं, उजेड आत यायला आणि धूर बाहेर जायला. पाऊस आला की त्यावर दगड किंवा पत्रा. पश्चिमेला पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळ्याकडं उतरती छपरं. तिथं धूर कौलांच्या फटींतून नाहीतर गवताच्या छपरातून झिरपत जायचा. त्या धुराचा उपयोगही होता, हे खोटं कशाला सांगायचं? वासे-आढ्यांना कीड लागत नसे, टांगलेलं कणसांचं बियाणं टिकत असे, गोठ्यातले डास कमी होत. म्हणून धूर हा घराचा सोबतीच मानला गेला. फक्त त्या सोबत्याजवळ दिवसाचे तीन-चार तास कोण बसायचं, ते कुणी विचारलं नाही.

आपल्या या दोन जिल्ह्यांत १९४२ नंतर प्रतिसरकार होतं. भूमिगत कार्यकर्त्यांना अपरात्री भाकऱ्या भाजून घालणाऱ्या बायकांची आठवण आजही गावोगाव निघते. बंदुकीची गोष्ट सगळे सांगतात. बंद दाराआड, दिवा बारीक करून, धुरात भाकऱ्या थापणारीची गोष्ट एका वाक्यात संपते. म्हणून इथं तिला दोन वाक्यं जास्त दिली.

धुराचा प्रश्न ‘प्रश्न’ म्हणून पहिल्यांदा हाताळला गेला तो ग्रामोद्योगाच्या चळवळीत. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचं ठाणं वर्ध्याला मगनवाडीत होतं. महात्मा गांधी आणि जे. सी. कुमारप्पा यांचं हे काम. तिथं १९४७ च्या सुमारास एक मातीची, धुराडं असलेली चूल तयार झाली, तिचं नाव ‘मगन चूल’. त्यानंतर हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतले डॉ. एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या स्वयंपाकघरावर १९५३ साली इंग्रजीत एक पुस्तिका काढली. चूल गरिबाची आहे म्हणून ती धुराचीच असली पाहिजे असा काही नियम नाही. पण या चुली आश्रमांत आणि प्रदर्शनांत जास्त राहिल्या, स्वयंपाकघरांत कमी.

मग १९७२ चा दुष्काळ आला. रोजगार हमीच्या खडी फोडायच्या कामावर जाणाऱ्या बायकांना पाण्याइतकीच सरपणाची ओढाताण होती. बांधावरची बाभळ तुटली, मग तुरकाठ्या, पऱ्हाट्या, जोंधळ्याची धसकटं, शेणी. जे जळतं ते चुलीत. त्याच दशकात जगात खनिज तेल महागलं आणि दिल्लीतल्या लोकांना एकदम आठवलं की देशातली निम्म्याहून जास्त चूल लाकडावर आणि शेणावर चालते. जंगल वाचवायचं तर चूल सुधारली पाहिजे, असं ठरलं. ध्यानात घ्या, पहिली काळजी झाडाची होती. बाईच्या डोळ्यांची नंतर.

१९८३ च्या अखेरीस केंद्र सरकारचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू झाला. तो २००२ पर्यंत चालला आणि देशभरात साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसवल्याची नोंद आहे. अनुदान होतं, गावातल्या माणसांना चुली घालायचं प्रशिक्षण होतं, पंचायत समितीला वर्षाचं उद्दिष्ट होतं. आणि तिथंच गाडी घसरली. उद्दिष्ट चुलींच्या आकड्याचं होतं. चूल बसली की नोंद झाली, मग ती पेटते का, धूर वर जातो का, दोन वर्षांनी ती जागेवर आहे का, याच्याशी आकड्याला देणंघेणं नव्हतं. देशभर झालेल्या पाहण्यांतही हेच निघालं की बसवलेल्या चुलींपैकी बऱ्याच काही वर्षांत मोडल्या किंवा वापरातून गेल्या.

आमच्या गटांतल्या म्हाताऱ्या बायकांना आम्ही विचारलं, तुमची ती सरकारी चूल कुठं गेली? उत्तरं ऐकण्यासारखी होती. एकीचा पाईप छपराच्या खालीच संपत होता, धूर स्वयंपाकघरातून निघून माळ्यावर जायचा आणि माळ्यावरून परत खाली. एकीच्या वैलावर पाणीसुद्धा तापत नव्हतं, कारण ओढ इतकी होती की सगळी आच पाईपानं बाहेर. एकीनं तीन वर्षं पाईप साफ केला नाही, कारण तो साफ करायचा असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. बसवणारा आला, बसवून गेला, सही नवऱ्याची घेतली.

पण सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर होतं भाकरीचं. आणि इथं आम्हाला जरा थांबायचंय. आपल्याकडची ज्वारी-बाजरीची भाकरी तव्यावर अर्धीच होते. पाणी लावून उलटली, दोन्ही बाजू धरल्या, की तवा खाली आणि भाकरी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर उभी. तिथं ती टम्म फुगते. तिचा पापुद्रा सुटला नाही तर घरात कुणी तोंड वाकडं करतं ते तुम्हाला माहीत आहे. आता सुधारित चुलीचं तोंड मुद्दाम लहान ठेवलेलं असतं, म्हणजे हवा बेतानं आत जाते आणि सरपण कमी लागतं. कागदावर बरोबर. पण लहान तोंडाशी भाकरी उभी राहत नाही. मग बाईनं काय केलं? उलथन्यानं नाहीतर खुरप्यानं तोंड मोठं केलं. लांब ओंडका मावत नव्हता, म्हणून आणखी मोठं केलं. तोंड मोठं झालं की हवा वाढली, आतली आच भांड्याला न लागता पळाली, धूर पुढून यायला लागला. साहेब तपासायला आले आणि लिहून गेले, ‘लाभार्थ्याला वापर समजत नाही.’ आमचं मत विचाराल तर लाभार्थ्याला वापर समजत होता, चूल करणाऱ्याला भाकरी समजत नव्हती.

हे ज्यांना वेळेवर कळलं अशी माणसंही होती. चंदीगडजवळच्या नाडा गावात १९८० च्या सुमारास मधू सरीन यांनी बायकांना सोबत घेऊन चूल केली. प्रत्येकीच्या भांड्यांप्रमाणे, तिच्या बसण्याच्या उंचीप्रमाणे मापं बदलायची आणि बसवणाऱ्याही गावातल्या बायकाच. ती ‘नाडा चूल’ म्हणून ओळखली गेली. आणि आपल्या घरचं उदाहरण फलटणचं आहे. सातारा जिल्ह्यातलं फलटण ऊस आणि निंबाळकरांचा वाडा यासाठी माहीत असतं, पण इंधनाच्या कामातही त्या गावाचं नाव मोठं आहे. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं उसाच्या पाचटापासून गॅस करण्यावर आणि स्पिरिटवर चालणाऱ्या स्टोव्हवर काम केलं. १९९६ साली डॉ. आनंद कर्वे आणि सहकाऱ्यांनी ‘आरती’ ही ग्रामीण तंत्रज्ञानाची संस्था काढली, तिचं एक केंद्र फलटणला. आनंदराव म्हणजे लेखिका इरावतीबाई कर्वे यांचे चिरंजीव. शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या कामासाठी या संस्थेला २००२ साली लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला, आणि २००६ साली घरगुती ओल्या कचऱ्यावरच्या लहान बायोगॅससाठी दुसऱ्यांदा.

सरकारी चूल कार्यक्रमाच्या शेवटच्या वर्षांत महाराष्ट्रासाठी तांत्रिक मदतीचं काम याच संस्थेकडं होतं, त्यात डॉ. प्रियदर्शिनी कर्वे यांचा मोठा वाटा. त्यांच्या चुलींची नावं बघा : लक्ष्मी, भाग्यलक्ष्मी, गृहलक्ष्मी. लक्ष्मी दोन भांड्यांची, धुराड्याची. भाग्यलक्ष्मीही दोन भांड्यांची, पण विनाधुराड्याची. नावांवर आम्ही हसलो, पण एक गोष्ट पटली : चुलीचा साचा केला. साचा असला की आतल्या बोळाचं माप चुकत नाही, मग चूल कुंभारानं घालो की बचतगटातल्या बाईनं. २००२ साली अनुदान बंद झालं तेव्हा बऱ्याच ठिकाणी चुलीचं काम तिथंच थांबलं. या संस्थेनं मात्र कुंभारांना आणि महिला गटांना चुली करून विकायला शिकवलं. फुकटातली चूल कुणाला तक्रार करता येत नाही अशी असते. विकत घेतलेली बिघडली की बाई दुसऱ्या दिवशी दारात उभी राहते, आणि मग करणारीला सुधारावी लागते. पुढं फिलिप्स कंपनीच्या पुण्यातल्या डिझाइनवाल्यांनीही संस्था आणि गावातल्या बायकांशी बोलून एक धुराड्याची चूल आखली, तिला २००९ साली डेन्मार्कमध्ये पारितोषिक मिळालं. तिची मोठी खुबी अशी की धुराडं खालून, घरातूनच साफ करता यावं. लुगडं सावरत छपरावर कोण चढणार, हे अखेर कुणाच्या तरी डोक्यात आलं.

बाईच्या छातीचं काय, याचा हिशेब तोवर सुरू झाला होता. अमेरिकेतले शास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांनी १९८१ साली गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर यंत्रं लावून त्या किती धूर ओढतात ते मोजलं. तोवर हवेचं प्रदूषण म्हणजे गिरणीची चिमणी असंच समजत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका अंदाजाप्रमाणे घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात ३२ लाख माणसं गेली. दम्यासारखा श्वास कोंडणारा आजार, लहान लेकरांचा न्यूमोनिया, डोळ्यांतला मोतीबिंदू, कमी वजनाचं बाळ, या सगळ्यांशी धुराचा संबंध आहे. बिडीला कधी हात न लावलेली आपली आजी ‘जुना खोकला’ म्हणून जो खोकते, त्याला नाव आहे. २०१६ च्या १ मे रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली, ती याच कारणासाठी चांगली. पण कनेक्शन एकदाच घ्यायचं असतं, सिलिंडर दर वेळी भरायचा असतो. म्हणून परत चुलीकडं येऊ, आणि ती घालायची तर कशी घालायची ते या इतिहासातूनच शिकू.

धुराडं काम कशानं करतं? तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, मागून गार हवा चुलीच्या तोंडातून आत ओढली जाते. नळ उभा, सरळ आणि पुरेसा उंच असेल तरच ही ओढ राहते. म्हणून जागा निवडताना आधी छपराकडं बघा, मग जमिनीकडं. नळ छपराच्या वर निदान ३ फूट हवा, आणि १० फुटांच्या आत आढं किंवा शेजाऱ्याची भिंत उंच असेल तर तिच्याहून २ फूट वर. नाहीतर वारा धूर उलटा खाली दाबतो. नळाची रुंदी घरगुती चुलीला ३ ते ४ इंच. वर टोपी हवी, पण टोपी आणि नळात धूर जाईल एवढी फट ठेवून. नळापासून लाकडी वासा, तुळई, गवत निदान एक हात लांब. पत्र्यातून नळ काढणं सोपं, गवताच्या किंवा पाचटाच्या छपरातून काढूच नका. तिथं नळ मातीच्या भिंतीतून बाहेर घ्या आणि मग वर चढवा, आणि वळणाला काजळी काढायचं झाकण ठेवा. चुलीलगतचा तुकडा भाजक्या मातीचा किंवा काळ्या लोखंडाचा बरा, वर जस्ती पत्र्याचा चालतो. जुन्या सरकारी चुलींना पांढुरके सिमेंटचे पाईप असत, त्यांत ॲस्बेस्टॉस असतं. तसला तुकडा घरात पडून असेल तर करवतीनं कापू नका, फोडू नका. त्याची धूळ फुप्फुसाला धुरापेक्षा वाईट.

गॅसचा सिलिंडर आणि चूल एका खोलीत नको. जागाच नसेल तर चूल पडवीत काढा.

नवी चूल सावलीत दोन आठवडे वाळू द्या, पहिले दोन-तीन दिवस नुसता बारीक जाळ. तडे गेले तर माती, शेण आणि राखेनं लिंपून घ्या. भाकरीचं काय, हा प्रश्न आम्ही प्रत्येक ठिकाणी विचारतो. तोंड फोडण्यापेक्षा निखारे चिमट्यानं बाहेर ओढून तोंडासमोरच्या खळग्यात घ्या, भाकरी तिथं उभी करा. चूल घालतानाच पुढं खळगा ठेवायला सांगा.

जाळताना सरपण वाळलेलं हवं. ओलं लाकूड आपली आच स्वतःचं पाणी उडवण्यात घालवतं, उरतो तो धूर. अंगठ्याएवढी फोडलेली दोन-तीन लाकडं पुरतात. चूल पेटवण्याआधी बोळाच्या तोंडाशी मूठभर वाळला पाला पेटवला की नळ तापतो, ओढ सुरू होते. वैल उघडा कधीच ठेवायचा नाही, त्यावर पाण्याचं भांडं ठेवा. रॉकेल ओतून पेटवणं, प्लास्टिक, जुन्या चपला, रंगाची लाकडं जाळणं बंद. पदर खोचा. थंडीत निखाऱ्याची शेगडी घेऊन दार लावून झोपू नका, तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला ना रंग असतो ना वास. कुणी भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरा, टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका, आणि दवाखाना गाठा.

आता साफसफाई. राख रोज काढायची, पण पाटीत किंवा पोत्यात नाही, पत्र्याच्या डब्यात. राखेत निखारा रात्रभर जिवंत राहतो, आणि अंगणात कडब्याची गंजी असते. बोळ आठवड्याला खरवडायचा, नळ महिन्याला. चूल पूर्ण गार झाल्यावर, नाकाला फडकं बांधून, कळकाच्या टोकाला चिंध्या किंवा तारेचा ब्रश बांधून खालून वर फिरवायचा. काजळी भुसभुशीत आली तर चूल ठीक आहे. चकचकीत, डांबरासारखी चिकट आली तर सरपण ओलं आहे. ती चिकट काजळी पेट घेते. नळातून घोंघावल्यासारखा आवाज आला, टोपीतून ठिणग्या निघाल्या, तर आधी पोरं-म्हातारी बाहेर काढा. जळती लाकडं बाहेर ओढून विझवा, चुलीचं तोंड आणि वैल ओल्या मातीनं बंद करा. तापल्या नळात पाणी ओतू नका, तो तडकतो. आजूबाजूच्या छपरावर मात्र पाणी मारा आणि हाक देऊन माणसं गोळा करा.

सगळ्यात मोठी सफाई रोहिणी नक्षत्राच्या आधी. उन्हाळ्यात चूल अंगणात आलेली असते, आतला नळ रिकामा पडतो, आणि टोपीखाली चिमणी, म्हणजे पाखरू, घरटं करते. पिल्लं असतील तर उडेपर्यंत थांबायचं, पण घरटं तसंच ठेवून पहिल्या पावसात चूल आत नेली तर सगळा धूर घरात. सरपणही तेव्हाच माळ्यावर किंवा पत्र्याखाली गेलं पाहिजे. आमच्या काही गटांनी मिळून तारेचा एक ब्रश आणि वेळूची लांब काठी घेतली आहे. महिन्याच्या बैठकीला पेटीसोबत ती काठीही येते. कुणी नेली, कधी आणली, ते बचतीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचं, आणि मे महिन्यात ती काठी कुणीही दोन दिवसांहून जास्त ठेवायची नाही.